अनुस्वाररावांचा पासवर्ड

"अहो, कॉम्प्युटर बंद पडला," असं बायको म्हणाली तेव्हा अनुस्वाररावांनी आधी तिला दुरुस्त केलं आणि मग ते कॉम्प्युटरकडे वळले.

"बंद पडतं ते घड्याळ. हा गेला. वास बघ कसला येतोय."

खरंच वास येत होता, जळक्या रबराचा. टेबलाखालच्या काळ्या डब्यातून एकदा 'टक्' असा आवाज आला आणि त्यानंतर काहीच आलं नाही. पडदा काळा झाला आणि त्यात अनुस्वाररावांचा चेहरा दिसायला लागला. तो पाहून बायकोने मुकाट्याने पाण्याचा पेला आणून दिला. बुधवारची सकाळ होती, आणि गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत पुस्तक पाठवायचं होतं.

अनुस्वारराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांनी एका छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली, आणि तिथल्या जुळणी करणाऱ्यांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. बुटके, गोल आणि कायम दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेले, म्हणून अनुस्वार. त्यांना ते आवडलं. अनुस्वार गळला तर वाक्याचं काय होतं हे लोकांना कळत नाही, असं ते म्हणायचे. त्यांना माणसं चेहऱ्यापेक्षा चुकांवरून जास्त लक्षात राहायची. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर 'औषध' नीट लिहीत नाहीत, म्हणून ते त्यांच्याकडून औषध घेत नसत. सोसायटीच्या सेक्रेटरीने फळ्यावर 'पाणि येणार नाही' असं लिहिलं की ते खाली जाऊन वेलांटी बदलून येत, आणि मग पाणी आलं नाही तरी त्यांची तक्रार नसे.

मात्र एक गोष्ट त्यांना सलत होती. मुद्रितशोधकाचं नाव पुस्तकात कुठेच छापत नाहीत. चूक सापडली की मात्र पहिली आठवण त्याचीच होते. एकतीस वर्षांत हजारभर पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली, आणि एकावरही त्यांचं नाव नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचं पुस्तक लिहायला घेतलं. 'चुकांचा कोश'. आयुष्यभरात पकडलेल्या अकरा हजार चुका, प्रत्येकीची जात, कूळ आणि दुरुस्ती. त्यात नऊ वर्षं गेली. प्रत्येक नोंद ते मोठ्याने म्हणत म्हणत टंकायचे, त्यामुळे बायको दुपारी कान झाकून झोपायची.

प्रकाशकबाईंनी पुस्तक घेतलं तेव्हा फोनवर सहज विचारलं होतं, "कव्हरवर तुमचं नाव किती मोठं हवं?"

"दिसेल इतकं," अनुस्वारराव म्हणाले. फोन ठेवून ते न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून थोडं रडले. एवढं सगळं त्या काळ्या डब्यात होतं, आणि डब्यातून जळका वास येत होता. गुरुवारी फाइल गेली नाही तर छपाई वर्षभर पुढे जाणार होती. तोवर एका कॉलेजातल्या प्राध्यापकाचं तशाच विषयावरचं पुस्तक येणार होतं. त्या प्राध्यापकाच्या स्वतःच्याच एकशे चाळीस चुका कोशात होत्या.

बायकोने तिच्या भावाला फोन लावला. हा मेव्हणा एका विमा कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा. वय पंचेचाळीस, डोक्याला टक्कल, आणि घरातलं नाव बटण. लहानपणी दिसेल ते बटण दाबायचा म्हणून. अनुस्वाररावांचं त्याच्याबद्दलचं मत फारसं बरं नव्हतं, पण अडल्या वेळी मेव्हण्याबद्दल मत ठेवून चालत नाही.

बुधवारी रात्रीपुरता बटणाने डबा घरी नेला आणि गुरुवारी सकाळी अकराला परत आणला.

"डिस्क गेली होती, भाऊजी. नवी टाकली. बॅकअपवरून सगळं होतं तसं परत आणलंय. तुमचा कोश आत आहे. आता फक्त आत जायचं."

"मग जा की."

"पासवर्ड तुमचा आहे."

अनुस्वाररावांनी चष्मा पुसला, मान ताठ केली आणि पासवर्ड टाकला. पडद्यावर अक्षरं आली, 'पासवर्ड चुकीचा आहे.'

चुकीचा! एकतीस वर्षांत हा शब्द त्यांनी दुसऱ्यांना ऐकवला होता. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी परत टाकला, एकेक कळ दाबून. परत तेच.

"असं होतं," बटण खुर्ची ओढत म्हणाला. "बॅकअप ज्या दिवशीचा, पासवर्डही त्या दिवशीचा लागतो. मधे कधीतरी बदलला असेल. थांबा, तारीख बघतो." त्याने स्वतःच्या फोनवर काहीतरी पाहिलं आणि टक्कल खाजवलं. "गंमत आहे. हा मंगळवारचा बॅकअप आहे."

"मग?"

"मी तुमचा बॅकअप फक्त रविवारी लावलाय. बरं, सगळ्यात ताजा हाच होता म्हणून हाच टाकला."

"दुसऱ्या कुठल्या वाटेने आत जाता नाही का येत?" बायकोने विचारलं.

"ताई, तुझ्या नवऱ्यानेच मला सांगितलं होतं, तो प्राध्यापक चोरेल, चांगलं भक्कम कुलूप लाव. लावलं. आता मलाही उघडत नाही."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं.

तेवढ्यात बटण म्हणाला, "हे काय, हिंट आलीय की खाली." पासवर्डच्या चौकटीखाली बारीक करड्या अक्षरांत एक ओळ उमटली होती.

'इशारा: नेहमिचाच.'

बटणाला हायसं वाटलं. बायकोलाही वाटलं. अनुस्वारराव मात्र पडद्याकडे असे बघत राहिले की जणू कोणी भर चौकात त्यांची पगडी उडवली.

"हे मी लिहिलेलं नाही."

"भाऊजी, इशारा ज्याचा तोच लिहितो. तुम्हीच लिहिला असणार."

"'नेहमी'तली मी दीर्घ!" त्यांचा आवाज चढला. "मी झोपेत लिहिलं, तापात लिहिलं, तरी ती ऱ्हस्व होणार नाही. आणि हिंटला 'इशारा' शब्द तरी कोणत्या शहाण्याने काढला? इशारा म्हणजे ताकीद. इथे 'खूण' हवं होतं."

"भाऊजी, आधी आत जाऊ, मग कंपनीला पत्र लिहा."

नेहमीचे म्हणून जेवढे पासवर्ड होते तेवढे त्यांनी टाकून पाहिले. लग्नाची तारीख टाकली. बायकोने ती ऐकून दुरुस्त करायला लावली, तीही टाकली. टंकलेलं अक्षर दिसत नव्हतं, त्याच्या जागी नुसता काळा ठिपका यायचा. न वाचता लिहायची वेळ त्यांच्यावर जन्मात आली नव्हती, आणि त्यांना घाम फुटला. दहा चुकांनंतर पडदा म्हणाला, 'पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा.'

पाच मिनिटांनी चौकट परत आली. खाली इशारा होता.

'इशारा: नेहमीचाच.'

अनुस्वाररावांनी चष्मा काढला, पुसला, लावला. वेलांटी दीर्घ झाली होती.

"बदललं," ते हळूच म्हणाले.

"काय बदललं?"

"वेलांटी."

बहीण-भावांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या घरात अशा नजरेचा अर्थ 'भाऊजींना जेवायला वाढा' असा असे. त्याप्रमाणे वाढलं गेलं. अनुस्वारराव जेवले, पण घास कुठला आणि घोट कुठला याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मुद्रितातली चूक दुरुस्त होते ती कोणीतरी खूण केल्यावर. खूण त्यांनी केली नव्हती. ते नुसते बोलले होते.

दोन वाजता नवी ओळ आली.

'इशारा: तूमचा नाही.'

"आता हे काय?" बटणाचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "इशारा असा आपला आपण बदलत नाही. एकदा लिहिला की लिहिला."

"पासवर्ड तुमचा नाही, तर कोणाचा?" बायकोने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "बटण्या, तू तर काही उद्योग करून ठेवला नाहीस ना?"

"शपथ, ताई. मी घरी नेला, डिस्क बसवली, झाकण लावलं. नेटही अजून जोडलेलं नाही. वायर बघ, माझ्या हातात आहे."

वायर खरंच त्याच्या हातात होती. तो ती मघापासून मनगटाला गुंडाळत होता.

अनुस्वारराव मात्र ओळीवर वाकले होते. भीती त्यांनाही वाटत होती, पण सवय भीतीपेक्षा जुनी होती. ही चूक कोणाची? डॉक्टरांची नव्हे. सेक्रेटरीची नव्हे. प्राध्यापकाची तर नव्हेच, तो जोडाक्षरात घसरतो. ऱ्हस्व-दीर्घाचा असा गोंधळ घालणारे एकाच जातीचे असतात, कोशाच्या प्रस्तावनेत त्यांनी त्यावर पानभर लिहिलं होतं. ज्यांनी भाषा कधी वाचलेली नसते, फक्त ऐकलेली असते.

या खोलीत एरवी त्यांच्याखेरीज मोठ्याने बोलणारं कोणी नसे. नऊ वर्षं या डब्यासमोर ते एकटेच बोलत आले होते.

"'तु' ऱ्हस्व," ते पडद्याला म्हणाले. आवाज अगदी बारीक निघाला.

त्यांच्या डोळ्यांदेखत काही झालं नाही. पण त्यांनी एक चुकीचा पासवर्ड टाकला, आणि परत आली ती ओळ शुद्ध होती. 'तुमचा नाही.' या वेळी बायकोनेही पाहिलं. ती टेबलावरचं कापड उचलून कॉम्प्युटरच्या मागची धूळ पुसायला लागली. मागे काही नव्हतं.

तीन वाजता प्रकाशकबाईंचा फोन आला. पावणेचारला परत आला. "छपाईवाला थांबत नाही हो माझ्यासाठी. पाच म्हणजे पाच." अनुस्वारराव 'हो, हो' म्हणत राहिले. एकीकडे त्यांचा हात कळा बडवत होता. शाळेचं नाव टाकलं, छापखान्याचं टाकलं, पहिल्या सायकलचा नंबर टाकला. बटणाने सुचवलं म्हणून बटणाचंही नाव टाकलं, आणि ते चालत नाही हे पाहून त्यांना किंचित बरं वाटलं.

'इशारा: घाइ करू नका.'

"'घाई'तली ई दीर्घ! आणि घाई करू नका काय? पाच वाजायला आलेत!" अनुस्वाररावांनी टेबलावर मूठ आपटली. आपण कोणाशी भांडतोय हे त्यांच्या लक्षात यायला एक क्षण लागला. तोवर ई दीर्घ झालेली होती.

"भाऊजी, मी काय म्हणतो," बटण उठून उभा राहिला, "आपण हे इथेच सोडू. पुढच्या वर्षी छापा. मी उद्या डिस्क काढून रविवारचा जुना बॅकअप शोधतो. मला हे बरोबर वाटत नाही."

"पुढच्या वर्षी तो प्राध्यापक पुढे निघून गेलेला असेल."

"जाऊ दे की."

"नाही जाऊ देणार." अनुस्वारराव त्याच्याकडे वळले, आणि बटणाने त्यांचे डोळे भरलेले पाहिले. "मी एकोणसत्तर वर्षांचा आहे रे. पुढच्या वर्षीचं मला कोण लिहून देतंय? एक कव्हर. एकदाच. माझं नाव."

बटण परत बसला.

पाचला अकरा मिनिटं कमी असताना करडी ओळ बदलली.

'इशारा: नाव लिहू नका.'

अनुस्वाररावांनी ती वाचली. डावीकडून उजवीकडे आणि सवयीप्रमाणे उजवीकडून डावीकडेही. तिच्यात चूक नव्हती. एकही नव्हती. मघापासून प्रत्येक ओळीत त्यांना काहीतरी दुरुस्त करायला मिळत होतं, तोवर सगळं कसंबसं सोसवत होतं. आता हाताला धरायला काही उरलं नाही.

"नाव!" बटण ओरडला. "भाऊजी, नाव आहे पासवर्ड! हिंट म्हणजे आडून सांगणं. नाव लिहू नका म्हणजे नाव लिहा!"

"मला नाही तसं वाटत," बायको म्हणाली. तिने कापड छातीशी धरलं होतं. "मला वाटतं, नका म्हणजे नका. विजेच्या खांबावर नसतं का लिहिलेलं, हात लावू नका?"

"ताई, तिथे हात लावला तर माणूस चिकटतो. इथे फार तर 'चुकीचा आहे' येईल. दिवसभर येतंच आहे."

बायकोचं बरोबर होतं हे अनुस्वाररावांना कळत होतं. इशारा म्हणजे ताकीद, खूण नव्हे. याची नोंद कोशात होती, वर्तमानपत्रातल्या सहा उदाहरणांसह. पण ती नोंद कोशात होती आणि कोश आत होता.

पाचला आठ कमी.

फोन वाजायला लागला. कोणी उचलला नाही.

त्यांनी नाव टंकायला सुरुवात केली. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. हळू, स्वच्छ, प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी. एकेक ठिपका उमटत गेला. कळा बोटांना गार लागत होत्या.

"अहो," बायको म्हणाली.

शेवटचा ठिपका.

बोट कळेवर थांबलं. मग त्यांनी ते दाबलं.

कॉम्प्युटर उघडला.

मागे निळं आभाळ होतं, डाव्या कोपऱ्यात नेहमीच्या फायली होत्या, आणि मधोमध कोश. बटणाने शिट्टी मारली, वायर जोडली, फाइल गेली तेव्हा पाचला दोन कमी होते. प्रकाशकबाईंचा फोन आला. "मिळाली हो! जीव टांगणीला लावलात." बायको आधी हसली, मग रडली, मग तिने भावाला थांबवून घेतलं आणि रात्री तिघं जेवायला बाहेर गेले. अनुस्वाररावांना मोकळं मोकळं वाटत होतं, जड ओझं खाली ठेवावं तसं. हॉटेलातल्या पदार्थांच्या यादीत त्यांनी सतरा चुका काढल्या आणि मालकाला बोलावून दाखवल्या. मालकाने नाव विचारलं तेव्हा त्यांना खोकला आला, म्हणून बायकोने सांगितलं. पंख्याचा आवाज मोठा होता, त्यांना ते ऐकू आलं नाही.

आठ दिवसांनी प्रकाशकबाईंच्या कचेरीतला माणूस कव्हर घेऊन आला.

"बाईंनी सांगितलंय, काही दुरुस्ती असेल तर खूण करा. नसेल तर खाली सही करा. मशीन थांबलंय."

बायकोने पुढे होऊन ते दोन्ही हातांनी घेतलं. गर्द निळं कव्हर होतं. वर पांढऱ्या अक्षरांत 'चुकांचा कोश', आणि खाली नाव, लांबून दिसेल इतकं मोठं.

"किती छान दिसतंय हो!" तिने ते त्यांच्यापुढे धरलं. "बघा तरी."

अनुस्वाररावांनी चष्मा लावला आणि नाव वाचलं. तीन शब्द होते. त्यांनी ते परत वाचले.

"हे कोण?"

"कोण म्हणजे? असं काय करता?" ती हसली. "स्वतःचं नाव छापलेलं बघून बावरलात होय!"

ते उठले आणि दाराबाहेर गेले. पाटीवर तेच तीन शब्द होते. पाटी जुनी होती, स्क्रू गंजले होते, एका अक्षराच्या मात्रेचा रंग उडाला होता. आत येऊन त्यांनी कपाटातलं निवृत्तीचं कार्ड काढलं. त्यावर त्यांचाच फोटो होता आणि त्याखाली तेच तीन शब्द, छापखान्याच्या शिक्क्यासकट.

नाही, माझं नाव हे नव्हे, माझं नाव, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पहिल्या अक्षराला काना होता एवढं आठवलं. पुढे नुसते काळे ठिपके होते, पासवर्डच्या चौकटीतल्यासारखे.

"काका, दुरुस्ती आहे का काही?" माणसाने घड्याळ पाहिलं.

अनुस्वारराव टेबलाशी बसले. लाल पेन त्यांच्या हातात होतं. एका नावाच्या जागी दुसरं नाव, याला कुठली खूण करायची? कारण तरी काय लिहायचं समासात? त्यांनी एकेक अक्षर तपासलं. वेलांट्या, उकार, मात्रा. एकतीस वर्षांत इतकं निर्दोष मुद्रित त्यांच्यासमोर आलं नव्हतं.

"अहो, तो थांबलाय."

त्यांनी पेन बदललं आणि कागदावर टेकवलं. सही एका दमात झाली, तीन शब्दांची, शेवटच्या अक्षराखाली सराईत वळण घेऊन. हात कुठेच अडखळला नाही.

शाई वाळेपर्यंत त्यांनी ती तीनदा वाचली. शुद्ध होती.